आणि तू पंधरावा

रिबकामावशी माझ्या पिकअपमध्ये बाया मोजायची ती पाठीवर थाप मारून. सकाळी सातला नाशिकजवळच्या गिरणारे गावच्या नाक्यावर गाडीच्या मागच्या फाळक्यापाशी उभी राहायची. बाई चढली की पाठीत थाप, "एक." दुसरी चढली, थाप, "दोन." द्राक्षबागेत काम करणारी चौदा बायांची टोळी होती आणि मावशी त्यांची मुकादम. चौदावी चढली की मावशी फाळका लावायची, रिकाम्या हवेत आणखी एक थाप मारायची आणि म्हणायची, "आणि तू पंधरावा. चल." मग पुढं येऊन माझ्या शेजारी बसायची.

पहिल्या दिवशी मी खाली उतरून मागं बघून आलो.

"मावशी, चौदाच आहेत. पंधरावी कुठंय?"

"पंधरावी नाय, पंधरावा."

"गडीमाणूस? कुठाय?"

"प्रभू हाय. गाडी काढ, ऊन चढंल."

मी गपचूप गाडी काढली. मनात म्हटलं, माझ्या गाडीत किती माणसं बसवायची परवानगी आहे हे आधीच कुणी विचारू नये अशी गत, त्यात ही देवालाही बसवतेय. पोलिसानं अडवलं तर सांगू काय?

तसा मीही ख्रिस्तीच. पण नाताळला नवा शर्ट घालणारा ख्रिस्ती. आईनं माझं नाव ठेवलं शमशोन. बायबलमधला सगळ्यात ताकदवान माणूस तो, सिंह फाडणारा. मला द्राक्षाचा भरलेला क्रेट उचलायचा तर दुसरा माणूस लागतो. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही. देवाबद्दल मला एवढंच माहीत होतं की तो वरून बघतो. आई लहानपणापासून तेच सांगायची, "शमश्या, प्रभू बघतोय हं." त्यामुळं माझ्या डोक्यात देव म्हणजे नाक्यावर झाडाआड उभा राहिलेला ट्रॅफिक हवालदार. दिसला की सीटबेल्ट लावायचा, मागं गेला की काढायचा.

मावशीचा देव तसला नव्हता. ती पेठ तालुक्याकडची. लग्नानंतर द्राक्षाच्या कामाला म्हणून इकडं आली, नवरा लवकर गेला, ती इथंच राहिली. नाक्याच्या मागं पत्र्याचं घर. बारीक अंगाची, काळीसावळी, एक गुडघा कायम धरलेला. देवाशी ती अशी बोलायची जसं घरातलं माणूस घरातल्याशी बोलतं. बागेत थिनिंग चालायचं, म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढायचे, की राहिलेले फुगतात. ही वेलीखाली मान वर करून उभी. "ह्यो ठेवू का ह्यो? ह्यो नको, दबलाय. बरं, मग ह्यो ठेवते." मला आधी वाटलं, कानात फोनची वायर आहे. नंतर कळलं, तिच्याकडं फोनच नाही.

चमत्कार वगैरे काही नव्हता हं. तिनं काढलेले घड बाकीच्यांसारखेच यायचे. गुडघाही काही बरा झाला नाही. उलट त्या गुडघ्यावरून ती देवाला भर रस्त्यात झापायची, "सोमवारपासून सांगते तुला. ऐकतोस का नुस्ता बसलायस?" एकदा मी म्हटलं, "मावशी, देवाशी असं बोलतात का?" तर म्हणाली, "मग कुनाशी बोलू? तुझ्याशी? तू तर बिरेक लावताना बी ऐकत नाय."

दुपारच्या डब्याआधी प्रार्थना करायची, तीही डोळे उघडे ठेवून. मी चर्चमध्ये डोळे मिटतो, मिटले की ते लवकर उघडत नाहीत, पाळकांनी दोनदा मला हलवून उठवलंय. म्हणून मला वाटलं, चला, मावशीपेक्षा एका बाबतीत तरी आपण धार्मिक. तिला तसं बोलूनही दाखवलं. मावशी भाकरी मोडत म्हणाली, "समोर बसलेल्या मानसाशी तू डोळं मिटून बोलतोस का रं? म्हनंल, ह्याला काय झालं."

मला खोटं बोलायची सवय. मोठं नाही, ड्रायव्हरलोकांचं असतं तेवढं. बागेच्या मालकाचा फोन आला की मी म्हणायचो, "पोचलोच, दोन मिनिटं." तेव्हा मी नाक्यावर चहाचा ग्लास हातात धरून असायचो. एकदा मावशी शेजारी होती. म्हणाली, "चहा पितोय म्हन की. चहाच पितोयस ना?" मी म्हटलं, मालक ओरडेल. "ओरडू दे. आपन तिघं हाय, तो एकटा हाय." मला वाटलं, तिसरी चहावाली. मग लक्षात आलं कोण ते. मी मालकाला सांगितलं, साहेब, चहा घेतोय, वीस मिनिटं लागतील. मालक म्हणाला, "मग माझ्यासाठी पण पार्सल आण." त्या दिवशी मला कळलं, मी वर्षानुवर्षं फुकट घाम गाळला.

आता मावशी नाही. गेल्या पावसाळ्यात गेली. तिच्या मातीला पाळकांनी मला चार शब्द बोलायला सांगितले, आणि मी उभा राहून नुसता नाक ओढत बसलो, म्हणजे उभा राहिलो. तिथं जे सांगायचं राहिलं ते इथं सांगतो. ते माझ्याच मूर्खपणाचं आहे.

डिसेंबर होता. मावशीला दोन दिवस ताप, तरी कामावर येत होती. तिसऱ्या दिवशी नाक्यावर आली ती गोधडी पांघरून, आणि मला म्हणाली, "आज मी नाय येत. बाया तू मोज. जाताना बी आनि येताना बी." मी म्हटलं, त्यात काय, शंभरपर्यंत येतात मला. सकाळी बाया पेंगत होत्या, मालकाचे दोन फोन येऊन गेलेले. मी पटापट मोजल्या. चौदा. देवाला काही मोजलं नाही, लोकांदेखत लाज वाटते. निघालो.

त्या चौदात सुमन म्हणून एक होती. चारच दिवस झाले होते तिला दुसऱ्या एकीच्या जागी टोळीत येऊन. सहावा महिना होता. नवरा गवंडीकाम करायचा. कमी बोलायची, एका कडेला काम करायची.

संध्याकाळी साडेपाचला बाया गाडीत चढायला लागल्या. दिवसभर काम करून अंग दुखत होतं त्यांचं, पण गमतीत होत्या. मला चेव आला. मावशी नाही, तर मावशीची नक्कल करावी. मी डोक्यावर टॉवेल घेतला, एक गुडघा धरून लंगडत फाळक्यापाशी उभा राहिलो आणि एकेकीच्या पाठीमागं हवेत थाप मारत मोजायला लागलो. बाया हसून लोळत होत्या. तेरावी चढली. मी फाळका लावला, थाप मारली आणि मावशीच्या आवाजात म्हणालो, "आणि तू चौदावा! चल!"

हसण्याचा नुसता गदारोळ झाला. सकाळी चौदा, आता चौदा. जुळलं. रोज तो पंधरावा असतो, आज चौदावा कसा झाला, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. मी स्वतःच्याच विनोदावर हसत गाडी काढली.

मागच्या बायांना वाटलं, सुमन पुढं मावशीच्या जागेवर बसलीय, पोटुशी आहे म्हणून. मला वाटलं, सगळ्या मागं आहेत. नाक्यावर आलो. बाया उतरल्या. एकजण पुढं आली, काचेतून आत बघितलं आणि म्हणाली, "सुमन कुठंय?"

मी मागं जाऊन बघितलं, गाडी रिकामी. बाग नाक्यापासून बारा किलोमीटर. पलीकडं ऊस. त्या उसात मागच्या आठवड्यात बिबट्या दिसला होता. पिंजरा लावलेला, पिंजऱ्यात कोंबडी होती, पण बिबट्याला भूक नव्हती. मी मालकाला फोन लावला, तो नाशिक रोडला लग्नात, उचलेना. राखणदाराचा फोन बंद. पहिला विचार काय आला सांगू? की सांगावं, ती म्हणाली मी पाहुण्यांकडं जाते, तिथंच उतरली. वाक्य सगळं तयार होतं जिभेवर. शपथेवर सांगतो, तयार होतं.

ते गिळून मी मावशीच्या घरी पळालो. ती तापात पडलेली. मी दारातूनच सगळं सांगितलं, टॉवेलसकट, लंगडण्यासकट. वाटलं, आता कानाखाली बसणार. मावशी उठली, चपला शोधल्या, गोधडी तशीच अंगावर घेतली आणि गाडीत येऊन बसली.

"मार मला मावशी," मी म्हटलं.

"नंतर मारते. गाडी हान."

रस्त्यात माझं तोंड काही बंद होईना. प्रभू मला बघत असेल, मी त्याची चेष्टा केली, म्हणून हे झालं, आता तिला काही झालं तर मला तो सोडणार नाही. मावशी एकदम खेकसली, "बघत बसायला त्याला दुसरं काम नाय का? तुझं थोबाड बघत बसंल तो? तो तिकडं हाय, तिच्यापाशी. तू समोर बघ, खड्डा हाय." मग माझ्याकडं न बघता, अगदी हळू, "तिच्याजवळ बस रं. आमी येईस्तवर उठू नको." मी बघितलं, तिनं गोधडी गळ्यापर्यंत ओढून आवळून धरली होती. तापानं की भीतीनं, मला सांगता येणार नाही. मावशीलासुद्धा भीती वाटते हे मला तेव्हा कळलं.

बागेत पोचलो तेव्हा सूर्य गेला होता, उजेड थोडा राहिला होता. मी "सुमन! सुमन!" ओरडत ओळीओळीतून पळत सुटलो, एका तारेला अडकून पडलो, उठलो, पुन्हा पडलो. उत्तर आलं ते वरून. पाण्याच्या सिमेंटच्या टाकीवर चढून बसली होती बाई. दुपारी चक्कर आली म्हणून शेवटच्या ओळीत आडवी झाली, डोळा लागला, उठली तर कुणी नाही. बिबट्याचं ऐकलेलं होतं, म्हणून टाकीवर चढली. सहाव्या महिन्यात!

मावशीनं तिला खाली उतरवलं, अंगावरनं हात फिरवला, गोधडी तिला दिली. सुमन तोपर्यंत धीरानं होती, गोधडी मिळाल्यावर रडायला लागली.

"मावशी, तुम्ही रोज त्याला मोजता ना, मी ऐकलंय. मी वर बसून म्हटलं, तो बी त्यांच्यासंगट गाडीत बसून गेला असंल. मग मी एकटीच."

मावशीनं तिचं नाक आपल्या पदरानं पुसलं. "येडी का तू? तो आधी कवाच चढत नाय. शेवटचं मानूस चढल्याशिवाय तो पाय उचलत नाय. म्हनून तर मी त्याला शेवटाला मोजते."

मी तिथं टाकीला टेकून खाली बसलो. इतके दिवस मला वाटायचं, देवाला शेवटी मोजते म्हणजे उरलासुरला म्हणून मोजते.

सुमनचं घर आलं तेव्हा सात वाजून गेले होते. नवरा दारात उभा होता, कुणाची तरी मोटरसायकल मागून आणून निघायच्या बेतात. मी मावशीला म्हटलं, तुम्ही सांगा त्याला, तुमचा मान आहे. मावशी म्हणाली, "माझ्याच्यानं बोलवत नाय. ताप हाय मला. तू जा." गेलो. गवंड्याचे हात कसे असतात तुम्हाला माहीत आहे. मी सगळं सांगितलं. मोजलं कसं ते, नक्कल कशी केली ते, बाया कशा हसल्या तेही. तो ऐकत होता आणि त्याच्या हाताच्या मुठी वळत होत्या. मी डोळे मिटून घेतले, थोबाडीत खायची तयारी केली. थोडा वेळ गेला. काही लागलं नाही. डोळे उघडले तर तो बायकोला धरून चुलीपाशी नेत होता. तिथून मागं न वळता म्हणाला, "परत असं करू नको, भाऊ." एवढंच. मी तिथं उभा राहून दहा वेळा "नाही करणार" म्हणालो, आठ वेळा तर दार लागल्यावर.

गाडीत आलो. मावशी खिडकीला डोकं टेकून झोपली होती, तोंड उघडं, बारीक घोरत होती. मी गाडी अशी हळू चालवली की मागून सायकलवाला पुढं गेला. आणि मला बोलायला लागलंच. जिभेवर तयार होतं ते खोटं, नाक्यावरचे सगळे चहा, चर्चमधल्या झोपा, आईला एकदा औषध वेळेवर आणलं नव्हतं ते, टॉवेल, सगळं. मध्येच हसलो, मध्येच रडलो, एका ठिकाणी गिअर चुकला म्हणून माफीसुद्धा मागितली. तिच्या दारापर्यंत बोलत होतो.

गाडी थांबली तशी मावशीला जाग आली. डोळे न उघडताच म्हणाली, "कोनाशी बोलत होतास रं एवढं?"

"कुणाशी नाही, मावशी."

"बरं." मग पदर सावरत, "सांगून झालं का समदं?"

"झालं."

"मग उतरव मला. गुडघा धरलाय."