कुलूपताईचा पासपोर्ट

घरात तिला 'कुलूप' म्हणत. लहानपणी दार लावलं की ओढून बघायची, कोपऱ्यापर्यंत जायची आणि पुन्हा ओढून बघायला परत यायची, म्हणून धाकट्या भावाने ठेवलेलं नाव. पुढे ती शिवणकामात तरबेज झाली, चाळिशी ओलांडली, परदेशात झग्यांच्या कारखान्यात हातशिलाईला लागली, तरी नाव सुटलं नाही. थोरल्या बहिणीने फोनवरून मोठ्याने तशी हाक मारली आणि खोलीतल्या आठही बायकांनी ती उचलली. वयाचा मान म्हणून पुढे 'ताई' तेवढं जोडलं.

ही थोरली आधी अशीच बाहेरदेशी कामाला गेली होती. तिच्या मालकाने पासपोर्ट 'सुरक्षित राहावा' म्हणून तिजोरीत ठेवला, आणि वडील अत्यवस्थ झाले तेव्हा भल्या माणसाला पाच आठवडे किल्लीच सापडेना. थोरली घरी पोचली तेव्हा वडिलांच्या खाटेवरची गादीसुद्धा गुंडाळून ठेवली होती. कुलूपताईने तेव्हाच मनाशी ठरवलं, काय वाटेल ते झालं तरी आपला पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही.

कामाच्या पहिल्याच दिवशी सुपरवायझर बाई खाकी पाकिटं घेऊन खोलीत आल्या.

"पासपोर्ट यात घाला, चिकटवा आणि चिकटवल्या जागी सही करा. मालकांच्या तिजोरीत राहील. इथे चोऱ्या फार होतात."

"कोण करतं चोऱ्या?" कुलूपताईने विचारलं.

"म्हणजे?"

"काही नाही, सहज आपलं."

बाकीच्या पाकिटं चिकटवत होत्या तोवर ती ट्रंकेकडे वळली आणि पासपोर्टाऐवजी बँकेचं जुनं पासबुक आत सारलं. आकाराने जवळपास तेवढंच. सही मात्र अगदी झोकात ठोकली.

पासपोर्ट गेला खोलीतल्या इस्त्रीच्या टेबलात. टेबलावर घोंगडीचे जाड थर होते आणि त्यांचं कापड खालच्या अंगाला वळवून शिवलेलं होतं. तिथे, जिकडे इस्त्रीची धग पोचत नाही, तिने तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शिवून टाकला. त्या दिवसापासून तिचा जीव टेबलात अडकला. दिवसातून तीनदा, काहीतरी पडल्यासारखं करून ती वाकायची आणि खालून हात फिरवायची. कडक लागलं की पुढच्या जेवणापर्यंत स्वस्थ.

स्वस्थ म्हणजे आपलं म्हणायचं. खोलीतली एक बाई सारखी हसायची, म्हणजे ती मालकाची माणूस असणार. एक कधीच काही विचारायची नाही, म्हणजे तिला सगळं ठाऊक असणार. पण सगळ्यात जास्त संशय होता डावरीवर. तिशीतली मुखदुर्बळ बाई, डाव्या हाताने सुई चालवायची म्हणून डावरी. कोणी न सांगता ती टेबल पुसायची, दुसऱ्यांचे कपडे मागून घेऊन इस्त्री करायची, आणि कुलूपताई वाकली की टक लावून बघत राहायची. दुसऱ्याच्या कपड्यांना फुकट इस्त्री कोण करतं, सांगा बरं? कुलूपताईने चौदा महिन्यांत तिला आपल्या गावाचं नावसुद्धा सांगितलं नाही.

मग फोन आला. पुढच्या शुक्रवारी आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. कुलूपताई रजा मागायला गेली तर मालक मान वर न करता म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू. पासपोर्ट माझ्याकडे आहे, जाणार कुठे तू?"

ती खालमानेने "बरं" म्हणाली. थोरलीने रविवार संध्याकाळचं तिकीट पाठवलं. रविवारी दुपारी सगळ्या बाजारात गेल्यावर हिने दाराला कडी घातली, टेबल आडवं केलं, कात्री घेतली आणि जागच्या जागी बसली.

टाके तिचे नव्हते. तिचे टाके उजवीकडे कलायचे, हे डावीकडे कललेले होते. कोणीतरी शिवण उसवून पुन्हा घातली होती, आणि खोलीत डाव्या हाताची एकच होती. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. चौदा महिने मी काय चाचपत होते, पुठ्ठा? तिने कचाकच टाके कापले.

आतून दोन पासपोर्ट निघाले. एक तिचा, दुसरा डावरीचा.

दारावर थाप पडली. "ताई, मी आहे. उघडा."

डावरी आत आली आणि आडव्या टेबलाकडे बघून कडी लावून घेतली. "मीही त्या दिवशी पाकिटात भलतंच घातलं होतं," ती म्हणाली. "रक्तदाबाच्या मशीनचं माहितीपत्रक."

"आणि हा इथे कुणाला विचारून ठेवलास? मी मालकाला नेऊन दिला असता तर?"

"तुम्ही? तुम्ही रोज तीनदा हात लावून बघता. माझ्या पासपोर्टावर इतकं लक्ष मीसुद्धा ठेवलं नसतं."

कुलूपताईला रागही आला आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. या बाईला आपण चौदा महिने चोर ठरवत होतो. आणि आता आपण गेलो की उद्या मालक सगळी पाकिटं फोडणार.

"तुम्ही निघा," डावरी म्हणाली. "आई आहे तुमची. माझं मी बघेन."

"काय बघशील, डोंबल! कुडता काढ."

तिने डावरीच्या कुडत्याच्या अस्तरात, काखेखाली, बारीक दुहेरी टाक्यांनी पासपोर्ट शिवून दिला. शिवाय थोरलीचा फोन नंबर लिहून दिला आणि पाठ करून घेतला. मग बॅग उचलून निघाली.

घरी पोचल्यावर ती आईचा हात सोडेना. पण कान फोनकडे होते. सोमवारी मालकाने पाकिटं फोडली, गाद्या उसवल्या, टेबलाचं घोंगडंही फाडलं. डावरी "हरवला" या एका शब्दावर अडून बसली. गुरुवारी थोरलीने तिचं तिकीट काढून पाठवलं, आणि मग डावरीचा फोन बंद.

शुक्रवारी सकाळी आईला आत नेलं. दोघी बहिणी बाकावर बसल्या होत्या. थोरलीचा फोन वाजला तो कुलूपताईने तिच्या हातातून ओढूनच घेतला.

"ताई, मी विमानतळावर. शिक्का मारला त्यांनी. सोडलं मला!"

"पासपोर्ट कुठाय?"

"हातात."

"हातात कशाला मिरवतेस, गाढवे? आत ठेव! आणि शेजारी कोण बसलंय? त्याच्याशी बोलू नकोस!"

पलीकडून डावरीचं हसू ऐकू आलं. चौदा महिन्यांत कुलूपताईने ते पहिल्यांदाच ऐकलं. तिला रडू फुटलं, आणि डोळे पुसत ती थोरलीला म्हणाली, "उद्या तिला आणायला मीच जाणार. टॅक्सीवाल्यांचा काय भरवसा?"