ढोलकीवरचा गुडघा

ढोलकी हातांनी वाजते, असा ज्यांचा समज आहे त्यांनी तो माझ्या आईसमोर बोलून दाखवू नये. हात नुसते बोलतात. ढोलकीला जागेवर धरून ठेवतो तो गुडघा. बाई खाली बसते, ढोलकी आडवी ठेवते, उजवा पाय मुडपून तिच्या लाकडावर टाकते आणि दाबून धरते. गुडघा सैल पडला की ढोलकी घरंगळते आणि तिच्यामागे ठेकाही. हिंदी मुलखातल्या बालाघाट शहरातल्या आमच्या महिला भजन मंडळात आई अशी तीस-बत्तीस वर्षं बसली. मराठी अभंग झाला की हिंदी भजन, नवरात्रात देवीचे जस, म्हणजे तिच्या स्तुतीची गाणी. भाषा बदलायची, गुडघा तोच.

सत्तरी ओलांडल्यावर नेमका तोच दुखायला लागला.

"डावा दुखला असता तर मी गल्लीभर पेढे वाटले असते," आई म्हणाली.

माणसाचा गुडघा दुखला की तो त्याच्या एकट्याचा राहत नाही. मामा उकव्याहून मोहाच्या बियांचं तेल घेऊन आला. चोळताना आईला फार बरं वाटे; चोळणं थांबलं की गुडघा पुन्हा आपल्या स्वभावावर. घरात वास असा की दूधवाला फाटकाबाहेरूनच हाका मारू लागला. मावशीने लांजीहून मेथीचे लाडू पाठवले. लाडू उत्तम होते. इतके उत्तम की आईचं वजन वाढलं, आणि वाढलेलं वजन शेवटी उतरणार कुठे? गुडघ्यावरच. मग कुणीतरी औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणून दिली. ती आई फुटाण्यांसारखी खाऊ लागली. पोटात आग पडली तेव्हा आमच्या डॉक्टरांनी तिला सोडून मला झापलं. या वयात असल्या गोळ्या न विचारता रोज घेतल्या तर पोट जातं, किडनी जाते, आणि गुडघा तेवढा शिल्लक राहतो, म्हणाले.

गोंदियाला जाऊन गुडघ्यात इंजेक्शन घेतलं. तीन महिने काय थाट सांगू! आई जिन्यावरून अशी उतरायची की बघणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात. मी वाजवल्यासुद्धा. चौथ्या महिन्यात दुखणं परत आलं, जावई हक्काने येतो तसं, न कळवता.

शेवटी नागपूर. मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. हाडांमधली गादी झिजलेली, सांधा बदलता येईल. माणूस भला होता, घाई करत नव्हता.

"आजी, तुम्ही चालाल, पायऱ्या चढाल, बाजारात जाल."

"अन् ढोलकी?"

आईने खुर्चीवर बसल्या बसल्या पाय मुडपून दाखवला आणि कळवळली. डॉक्टरांनी मान हलवली. नव्या सांध्यावर असं खाली बसणं, असा दाब देणं टाळलेलंच बरं. "टेबलावर ठेवून वाजवा ना," ते म्हणाले.

"टेबलावर ढोलकी नाही ठेवत, फुलदाणी ठेवतात."

बाहेर आल्यावर मी तिला समजावू लागले. आमच्या शेजारच्या काकांनी दोन्ही गुडघे बदलून घेतलेत आणि ते रोज सकाळी स्टेशनापर्यंत फिरून येतात. आईने सगळं ऐकून घेतलं.

"त्यांले स्टेशनावर जायचं होतं, ते गेले. मले कुठं जायचं आहे? मले बसायचं आहे. चालणं जाईन त्या दिवशी तूच घेऊन ये मले इथं, मी नाही म्हणणार नाही. आज नाही येत."

बालाघाटात एक फिजिओथेरपीवाली बाई आहे, चाळिशीतली, मराठी तिला समजते पण बोलते हिंदी. तिने फोटो पाहिला, गुडघा दाबला, आणि दोन वर्षांत कुणीही न विचारलेला प्रश्न विचारला. "अम्मा, आपको इस घुटने से करवाना क्या है?"

 आईने त्या बाईच्या तपासायच्या पलंगावरची लांबडी उशी ओढली, आडवी टाकली, उजवा पाय मुडपून तिच्यावर दाबला आणि लाकडी पलंगाच्या कडेवर ठेका धरला. बाहेर बसलेले कंबरवाले, मानवाले सगळे आत डोकावले. ती बाई हसली नाही. वाकून आईच्या गुडघ्याचा कोन पाहत राहिली. मग म्हणाली, एकदम जमिनीवर नाही, आधी उंच पाटावर. मांडीत ताकद आली पाहिजे. वजन उतरवा. आणि लाडू बंद. हे शेवटचं तिने माझ्याकडे बघून सांगितलं.

मग चार महिने आमच्या घरी तालीम चालली. घोट्याला किलोभर धानाची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं. मोजणी मात्र आई आकड्यांनी करेना. भजनाचं एक कडवं म्हणजे दहा वेळा, असा तिचा हिशेब. कंटाळा आला की छोटं कडवं निवडायची. मी पकडलं की म्हणायची, "तू काहून मोजून राह्यली? तुझा पाय आहे का?"

इकडे मंडळात वेगळंच शिजत होतं. आम्हा नोकरदार मराठी घरांना निरोप समारंभाचं फार वेड. कुणी बदलून गेला, शाल-श्रीफळ. निवृत्त झाला, शाल-श्रीफळ. मंडळाच्या अध्यक्षबाई सरकारी कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेल्या. आई सहा महिने आली नाही म्हणताना त्यांनी, खरोखर प्रेमापोटी, तिचा निरोप समारंभ ठरवून टाकला. ढोलकी आमच्या मागच्या गल्लीतल्या एका सुनेकडे जाणार होती. ही सून ती स्टँडवर ठेवून, खुर्चीत बसून वाजवायची. वाईट नाही वाजवत, हेही आईनेच मला सांगितलं होतं.

निमंत्रण घरी आलं तेव्हा आई धानाची पिशवी सोडत होती.

"निरोप? काहून? मी कुठं चालली?"

"मग नको जाऊस."

"वा! माझाच कार्यक्रम अन् मीच नाही जाऊ? पाट घे सोबत. तो उंचवाला."

देवळाच्या सभामंडपात दुपारी तीन वाजता तीसेक बाया. आईसाठी फुलं लावलेली प्लास्टिकची खुर्ची. अध्यक्षबाईंनी लिहून आणलेलं भाषण वाचलं: प्रदीर्घ सेवा, वाढतं वय, सुखाची विश्रांती. आईने शाल घेतली, नारळ घेतला, नमस्कार केला. मग पाट मांडला, शालीची नीट घडी करून पाटावर टाकली, आणि खांबाला धरून, एक पाय पुढे, हळूहळू त्यावर बसली.

"आण वं ते ढोलकी," ती सुनेला म्हणाली.

"काकू, डॉक्टर काय म्हणतील?"

"डॉक्टरले भजन येते का?"

ढोलकी आली. आईने उजवा पाय मुडपला. चेहरा किंचित वाकडा झाला. मी तिच्याकडे बघत होते, म्हणून मला दिसला. गुडघा लाकडावर बसला. पहिली थाप पडली आणि टाळ आपोआप उचलले गेले. पहिलं भजन, दुसरं, मग एक जस. तिसरं संपताना गुडघा हलायला लागला, ढोलकी बोटभर सरकली. आईने ठेका पुरा केला आणि ढोलकी सुनेकडे ढकलली.

"घे. पहिले तीन माझे, मग तुझे. दर मंगळवारी. कागदावर लिहा बाप्पा, निरोप मी घेत नाही, शाल ठेवतो."

एवढं बोलून ती उठायला लागली. चार बाया काखेत हात घालायला धावल्या.

"हात लावशान तर पाहा!"

ती बाजूला कलली, दोन्ही हात सतरंजीवर टेकले, रांगत्या पोरासारखी झाली. कुणीतरी खुदकन हसलं. आई तशीच थांबली, मान वर करून हसणारीला शोधलं, तिच्याकडे बघून डोळा मारला, मग डाव्या पायाचा तळवा पुढे रोवला, खांब धरला आणि उभी राहिली. घाम आला होता. पदराने पुसला.

नवीन ठेका सुरू झाला. अध्यक्षबाई आपल्या खुर्चीतून वाकल्या. कित्येक वर्षांत त्यांना मी खाली बसलेलं पाहिलेलं नाही. भाषणाचा कागद अजून हातातच होता.

"ते रांगून उठली ना तू," त्या हळूच म्हणाल्या, "ते पुन्हा एकदा दाखव मले."

आईने पाटावरची शाल झटकली आणि पाट त्यांच्याकडे सरकवला.

"आधी खाली बस," ती म्हणाली.