सुइलानची पूर्वेची वाट

शेजारीण सुइलान पंचांग पाहिल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. त्या दिवशी तिची नात महिन्याची होणार होती आणि त्या समारंभाच्या जेवणाला पोचायचं तर नऊची नाव गाठायला हवी होती. पण घाट दक्षिणेला, आणि पंचांगात दक्षिण वर्ज्य, पूर्व शुभ. सातलाच ती पूर्वेच्या दारानं निघाली आणि तळ्याला वळसा घालून, टोपड्यांची टोपली घेऊन मिन नदीकाठच्या माझ्या घरी आली.

"पांगभाऊ, चहा टाका. प्रवास सुरू झाला."

"कुठवर?"

"तुमच्या ओट्यापर्यंत. इथून घाट पश्चिमेला पडतो. पश्चिमेबद्दल पंचांग गप्प आहे."

"पंचांगाला फसवताय."

"विचारूनच वळसा घेतला. तुम्ही तर पंचांगाला विचारतही नाही, मग चाळीस वर्षांत कुठे गेलात?"

चहा झाल्यावर मी टोपली उचलली आणि तिच्याबरोबर नावेत बसलो.