घागरीवरचा ठिपका

आधीच सांगून टाकते — असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आजही नाही. "देवीची लीला" वगैरे पत्रं मला पाठवू नका, उत्तर मिळणार नाही. घडलं ते जसंच्या तसं लिहितेय, एवढंच.

साल पंचाहत्तरच्या आसपासचं. मी जयसिंगपूरला शाळेत चित्रकला शिकवायचे. लग्न केलं नव्हतं, पण पगारातून साठवून एक सेकंडहँड कॅमेरा मात्र घेतला होता. सुट्टी मिळाली की एसटी पकडायची आणि जत्रा, बाजार, उरूस जिथं असेल तिथं फोटो काढत भटकायचं. बाईमाणूस एकटी कॅमेरा घेऊन फिरते म्हणून लोक काय काय बोलायचे. बोलोत बापडे.

आषाढात कोल्हापुरात पंचगंगेचं नवं पाणी घागरीत भरून वाजतगाजत टेंबलाई देवीच्या टेकडीवर नेतात. एका शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी तिथं गेले. डोक्यावर घागरी घेतलेल्या सहा बायका पायऱ्या चढत होत्या. त्यातल्या एकीनं मान वळवून थेट माझ्याकडं पाहिलं... आणि मी बटण दाबलं.

ती रांग सोडून माझ्याजवळ आली. घागरीला हात लावल्यामुळं बांगड्या मागं सरकल्या होत्या, आणि मनगटावर डागल्याचे जुने व्रण दिसत होते.

"बाई, माझा फोटू कुणाला दावू नगासा," ती हळूच म्हणाली. "नेसरीकडनं पळून आलोय मी. सासरच्यांनी बघितलं तर जित्ती ठेवायची न्हाईत."

मी शब्द दिला. घरी येऊन न्हाणीघरात फोटो धुतला आणि तो शब्द विसरले. खोटं कशाला बोलू, विसरले नाही — मोडला. असा चेहरा मला आधी कधी मिळाला नव्हता. मोठा प्रिंट केला तेव्हा तिच्या गालावर धुळीच्या कणाचा पांढरा ठिपका उमटला होता. तो मी बारीक ब्रशनं, करड्या शाईनं स्वतः भरला. मग महाद्वार रोडवर ओळखीच्या रसूलचाचांचा स्टुडिओ होता, त्यांच्याकडून फ्रेम करून घेतली. ते म्हणाले शोकेसमध्ये लावू या, आणि मी फुशारून हो म्हणाले.

महिन्याभरानं, रविवारी दुपारी, मी त्यांच्या दुकानात बसले होते. एक माणूस रस्त्यावर थांबला, शोकेसच्या काचेला नाक लावून बघत राहिला आणि तडक आत आला. फोटो कुणी काढला विचारलं. मी म्हणाले, मी.

"ही आमच्या थोरल्याची बायकू. कपाळावरचं गोंदण वळखतो की मी. कुठं ऱ्हाती सांगा."

माझ्या हौसेपायी त्या बाईचा जीव जाणार होता. तरी म्हटलं, मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं. तो म्हणाला, मग फोटो द्या, तो दाखवून गल्लोगल्ली शोधतो. मी नाही म्हणाले. त्यानं वाट पाहिली नाही. शोकेसमध्ये हात घालून फ्रेम काढली आणि काउंटरवर आडवी ठेवली.

आम्ही तिघेही वाकलो. पायऱ्या होत्या, सहा बायका होत्या. पण पुढं चालणाऱ्या म्हातारीची घागर बरोबर तिच्या तोंडासमोर आली होती. चेहरा नव्हता... गोंदणही नव्हतं.

"आत्ता बघितली की हितं," तो म्हणाला. माझ्यावर फोटो बदलल्याचा आळ घेऊ लागला, पण मी जागची हललेच नव्हते. चाचांनी फ्रेम उलटी केली. मागचे खिळे आणि चिकटवलेला कागद, सगळं जसंच्या तसं. रोज सकाळी काच पुसताना त्यांनीही तो चेहरा पाहिलेला. त्या माणसानं एकदा चाचांकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि निघून गेला.

मग मला ठिपका दिसला. मी गालावर भरलेला करडा ठिपका जागेवरच होता. पण आता तो चकचकीत घागरीच्या पोटावर होता, तिथं त्याचं काही कामच नव्हतं. मिळेल त्या एसटीनं जयसिंगपूरला घरी जाऊन निगेटिव्ह उजेडात धरली. तिथंही घागरच.

शाळेत हे सांगितलं तर बरोबरच्या बाई हात जोडून म्हणाल्या, टेंबलाईनं राखली हो लेकीला. मी विचारलं, मग तिच्या हाताला डाग देत होते तेव्हा कुठं होती तुमची टेंबलाई? त्यानंतर त्या माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. माझा प्रश्न अजून तोच आहे.

पुढच्या आषाढात कॅमेरा न घेता टेकडीवर गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ती भेटली, धडधाकट. मी शब्द मोडल्याचं सगळं कबूल केलं. फोटोतला तिचा चेहरा कसा गेला, तेही सांगितलं.

"फोटूत मी न्हाई नव्हं? मग झालं की," म्हणाली, आणि घागर सावरत वर गेली.

मला मात्र ते 'झालं' वाटत नाही. तो प्रिंट आजही माझ्या भिंतीवर आहे. घरी आलेलं कुणीतरी विचारतंच, एवढ्या चांगल्या फोटोवर हा ठिपका कसला? मी सांगते, तिथं एका बाईचा गाल होता. तो चव्हाट्यावर मी मांडला. झाकला कुणी, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. झाकायला हवा होता मी.