बिनबैलाची भाजी

समस्त वाचकांना, आणि त्यातही समस्त बैलांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दोन हजारच्या दशकातल्या एका भाद्रपदात मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या एका तिसऱ्या मजल्यावर जी भाजी शिजली, तिच्यासाठी एकाही बैलाला मान वाकवावी लागली नाही. चौकशी मी जातीने केली आहे. साक्षीदार हजर होते.

हसू नका. त्या भाजीवर एका बाईचं दिवसभराचं जेवण अवलंबून होतं, आणि ती बाई माझी सासू होती.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा नियम आहे. नांगराखालच्या जमिनीत पिकलेलं वर्ज्य. दारात हाताने लावलेलं किंवा आपापलं उगवलेलं तेवढंच चालतं. या व्रतामागची बायकांच्या विटाळाची गोष्ट मला कधी पटली नाही आणि पटणारही नाही. पण वर्षातून एक दिवस बैलाला विचारून जेवायचं, ही कल्पना मला फार आवडते. शिवाय ती भाजी! त्या दिवसांत जे जे हिरवं हाताला लागेल ते सगळं एका पातेल्यात.

सासूबाई गिरगावातली खोली सोडून आमच्याकडे राहायला आल्या, त्यानंतरची ती पहिलीच ऋषिपंचमी. मीरा रोडचं त्यांना काहीच पटत नव्हतं. पाणी जड, दूध पातळ, कोथिंबिरीला वास नाही. त्यात मधुमेह. श्रावणातल्या एका सोमवारी गोळी घेऊन उपाशी राहिल्या आणि दुपारी ओट्यापाशी घाम फुटून खालीच बसल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोट रिकामं ठेवायचं नाही. आणि आता त्यांनी जाहीर केलं, "बैलाशिवायची भाजी मिळाली तर जेवीन. नाही मिळाली तर पाण्यावर राहीन. इथल्या बाजारातलं मला काही सांगू नका."

"आई, हल्ली सगळीकडे ट्रॅक्टर असतो," माझा नवरा पेपरमागून म्हणाला. "बैल उरलाय कुठे? म्हणजे बाजारातलं सगळंच चालेल."

"नांगर तो नांगर. ओढतं कोण ते मला शिकवू नकोस."

"बरं. मग पिशव्या ओढायला मला नेऊ नका. व्रत मोडेल."

म्हणून चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघीच बाजारात गेलो. हातगाडीवरच्या भय्याला सासूबाईंनी भेंडीचा भाव न विचारता थेट मुद्द्याला हात घातला. "इसको बैल लगा है क्या?"

त्याने आधी भेंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माताजी, किडा लगा हो तो वापस ले लूँगा. बैल का मेरे को मालूम नहीं."

"बघ," सासूबाई मला म्हणाल्या. "माहीतच नाही याला."

खरं सांगते, तेव्हा मला हसू आलं होतं, पण घरी येताना तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. माहीत मला तरी कुठे होतं? इतकी वर्षं स्वयंपाक करत होते. भेंडी ताजी की जून हे मी शेंडा मोडून सांगू शकत होते. ती कुठल्या मातीतून आली, कोणी खुरपली, हा प्रश्न मात्र एकदाही तोंडातून निघाला नव्हता. सासूबाईंचा हट्ट डोक्यात जात होता आणि प्रश्न पटत होता. ही फार अडचणीची अवस्था असते, विशेषतः सुनेसाठी.

नाक्याच्या फुटपाथवर जवळच्या चेणे गावाहून एक बाई पाटी घेऊन यायची. तिच्याकडे शिराळी होती, पडवळ होतं, लाल माठाच्या जुड्या होत्या, बोटाएवढ्या भेंड्या होत्या.

"दारचं आहे का गं हे?" सासूबाईंनी उकिडवं बसून विचारलं.

"माज्या दारचंच हाय सगलं. कुदलीनं खनलंय."

"बैल नाही ना लावला?"

ती पदर तोंडाला लावून हसली. "बैल न्हाय आता, आजी. इकला. बैल व्हता तवा कुनी इचारलं न्हाय, आता न्हाय तर तुमी इचारताव!"

सासूबाईंनी पाटीतलं निम्मं उचललं. वर तिने आपणहून दोन मक्याची कणसं पिशवीत टाकली.

पण अळूशिवाय ऋषीची भाजी होत नाही, आणि लाल भोपळाही हवा. अळू आमच्या इमारतीच्याच मागे मिळालं. गच्चीवरची टाकी भरून वाहिली की पाणी जिथे पडायचं, तिथे ते कुणी न लावता माजलं होतं. मी छत्री काखेत धरून पानं कापली. भोपळा खालच्या मजल्यावरच्या गुजराती शेजारणीचा. तिने खिडकीच्या जाळीत वेल चढवला होता आणि दोन गजांच्या मध्ये अडकून तो बिचारा चपटा झाला होता.

"बैल वगैरे नाही ना लावला, भाभी?" मी सासूबाईंच्या देखत, अगदी कोर्टातल्यासारखं विचारलं.

"अरे भाभी, दुसरे माले पे बैल कैसे आयेगा? सोसायटी तो कुत्ते को भी लिफ्ट में नहीं लेती!"

पंचमीला मी भाजी केली. फोडणी नाही, हळद नाही, मसाल्याचा डबा उघडायचाच नाही. आधी अळूची सोललेली देठं आणि भोपळा, मग पडवळ, शिराळी, कणसाचे तुकडे, मग पाला, आणि भेंडी अगदी शेवटी, नाहीतर तार सुटते. अळू घशाला खवखवू नये म्हणून चिंचेचा कोळ. मीठ, कुंडीतल्या दोन हिरव्या मिरच्या, ओलं खोबरं. बाकी काही लागलं नाही. पावसात वाढलेल्या भाज्यांना इतकं पाणी सुटलं की मी वरून वाटीभरसुद्धा घातलं नाही. वास मसाल्याचा नव्हता, भाज्यांचाच होता. स्वयंपाकघरात उभी राहून मी तो घेत होते आणि मनात म्हणत होते, आपण रोज कशाकशाखाली काय काय दडपतो.

पान वाढलं. वरीचे तांदूळ चौकशीतून सुटले होते. डोंगरउतारावर वरी कुदळीने लावतात, असं सासूबाईंनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. शेजारीण भोपळ्याची साक्ष द्यायला दारात उभी. नवरा नको तितका गंभीर. सासूबाईंनी एकेक भाजी बोटाने बाजूला करून ओळखली. माठ, चेणे. अळू, मागची बाजू. भोपळा, दुसरा मजला. मग कणसाचा तुकडा पुढे आला आणि बोट थांबलं.

"हा मका?"

"त्याच बाईचा."

"त्याचं विचारलं होतंस?"

नव्हतं विचारलं. ती कणसं तिने वरून टाकली होती. आणि आता त्यांचा रस पातेलंभर उतरला होता, काढून टाकायची सोय नव्हती. सासूबाईंनी हात मागे घेतला. सकाळची गोळी पोटात गेलेली होती. वरच्या ओठावर बारीक घाम मला दिसत होता. नवऱ्यालाही दिसला असावा, कारण त्याचा विनोद बंद झाला.

"आई, चार घास खा," तो म्हणाला.

"नियम म्हणजे नियम."

मला रडू येत होतं आणि रागही. पण आवाज मी अगदी मऊ ठेवला. "आई, गिरगावात ऋषीच्या भाजीचा मका तुम्ही कुणाकडून घ्यायचात?"

"आमच्या नेहमीच्या भाजीवालीकडून. पोटच्या मुलीसारखी होती ती."

"तिच्या मक्याला बैल होता का?"

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग पानाकडे. पंख्याने अळूच्या वाफेची दिशा बदलली. त्यांनी कणसाचा तुकडा उचलला, दाणे दातांनी सोलले, भाजीत वरी कालवली, एक घास घेतला, मग दुसरा. आणि तिसऱ्या घासाला, भरल्या तोंडाने, एकदम म्हणाल्या,

"अगं बाई! तिला मी कधी विचारलंच नाही!"