कांदाचाळीतली रेंज

परवा पुण्यात भाजीवाल्याने कांद्याची नवी गोणी उसवली आणि त्या उग्र वासाने मी थेट राजुरीच्या आमच्या कांदाचाळीत, कांदा साठवायच्या शेडमध्ये, जाऊन पोचले.

कॉलेज नुकतंच संपलं होतं. दुसऱ्या दिवशी मंचरला मावशीच्या घरच्या वायफायवरून मला नोकरीची मुलाखत द्यायची होती. जुन्या लॅपटॉपवर मी विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं. तो छान पळू लागला, पण वायफाय काही चालेना. ते चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्राम, उतरवायला नेट हवं, आणि रेंज फक्त चाळीपाशी, तीही फोन उंच धरला तर. म्हणून दादांनी, म्हणजे वडिलांनी, फोन वर धरला होता. फोनवरून लॅपटॉपला नेट देणारी केबल आखूड, त्यामुळे मी लॅपटॉप घेऊन गोण्यांच्या थप्पीवर बसले होते.

शेजारचे इस्माईलभाऊ बांधावरून म्हणाले, “काय राव, पोरीनं दावणीला बांधलं व्हय?”

“हालायचं न्हाई म्हणलीय,” दादा मान न वळवता म्हणाले.

तेवढ्यात कांद्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला. दादा सकाळपासून त्याचीच वाट पाहत होते. पण बोलायला घेतलं की नेट तुटायचं. त्यांनी फोन कापला. “कांदा कुठं पळून चाललाय? तुझं व्हऊ दे आधी.”

तेव्हा माझं सगळं लक्ष पडद्यावर होतं. आता पुण्यात, त्याच नोकरीच्या गावात, कांदे निवडताना, मला आठवला तो त्यांचा अवघडलेला हात.

“झालं दादा, वायफायचं चिन्ह दिसतंय,” त्या दिवशी शेवटी मी म्हणाले होते.

“मग आता हाललो तर चालंल का?”