आधी पूर्ण वाचा

मी मूळची अकोल्याची. लग्नानंतर मोर्शीकडच्या एका मोठ्या गावात आले आणि काही वर्षांनी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल झाले. गावातल्या हायस्कूलला आमचं वाचनालय दर महिन्याला एक पुस्तकपेटी पाठवायचं. पत्र्याची ट्रंक, आत गोष्टी, कोडी, प्राण्यांची पुस्तकं. महिना संपला की ती परत यायची आणि नवी जायची. एका वर्षी दिवाळीनंतर पाठवलेली पेटी आठवडा व्हायच्या आतच परत आली. शाळेच्या शिपायानं ती दारात ठेवली अन् म्हणाला, "मॅडमनं सांगतलं, आता पाठवू नका म्हने."

मी तशीच शाळेत गेले. मुख्याध्यापिकांशी माझी चांगली ओळख होती. त्यांनी चहा सांगितला आणि दार लोटून घेतलं.

"एका पुस्तकावरून पालक बोलून गेले," त्या म्हणाल्या.

"एका ना? मग पेटी कशी आली सगळी?"

"म्हटलं, कशाला एकेक तपासत बसायचं. उद्या अजून कोणी काही काढेल."

"गणिताच्या कोड्यांतून काय काढणार?"

त्या हसल्या नाहीत. "तुमचं बरं आहे ताई. उद्या गेटवर दहा माणसं उभी राहिली तर मलाच पुढे जावं लागेल."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. पण येताना पोरं मैदानात दिसली, आणि एकानं लांबूनच विचारलं, "मॅडम, सापाचं पुस्तक कधी येते?" "बघते," म्हणत मी वाचनालयाची वाट धरली.

तक्रार केली होती गावच्या देवळात पूजा करणाऱ्या गुरुजींनी. गावात क्वचितच एखादं घर असेल जिथे वास्तुशांतीला किंवा लग्नाला ते बसले नसतील. माझ्या मुलाचं बारसंही त्यांच्याच हातचं. त्यांची नात नववीत होती. तिनं पेटीतून एक कथासंग्रह घरी नेला होता. त्यातल्या एका कथेत नदीकाठच्या जत्रेतला एक पुजारी देवापुढे आलेले नारळ मागच्या दारानं पुन्हा दुकानदाराला विकतो. एवढीच ती गोष्ट.

दुसऱ्या दिवशी गुरुजी वाचनालयात आले. नेहमी माझी विचारपूस करणारा माणूस, पण त्या दिवशी बसलेसुद्धा नाहीत.

"हे काय वाचायला देऊन राहिले तुम्ही पोरांना? हे पुस्तक इथं दिसलं नाही पाहिजे."

योगायोगानं आमचे अध्यक्ष आत होते. मोर्शीच्या कोर्टात उभी हयात घालवलेले वकीलसाहेब. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पूर्ण वाचलं का गुरुजी?"

"ती गोष्ट वाचली. तेवढी पुरे."

"अर्धी साक्ष ऐकून कोणाला शिक्षा होते का? आधी पूर्ण वाचा. मग समितीपुढे बोला. तुमचं सगळं ऐकून घेऊ."

"वाचतो पूर्ण," म्हणून गुरुजी गेले. मग मी वकीलसाहेबांना म्हटलं, "तुम्हाला आवडलेलं दिसते पुस्तक."

"अजिबात नाही. त्या लेखकाला गोष्ट संपवता येत नाही. पण न आवडलेली पुस्तकं काढायची म्हटलं तर अर्धं कपाट मीच रिकामं करीन."

गुरुजी शब्दाचे पक्के होते. मात्र ते पुस्तक पुन्हा घरात न्यायला तयार नव्हते. म्हणून दुपारचं जेवण झालं की ते वाचनालयात यायचे, खिडकीजवळच्या बाकावर बसायचे आणि वाचायचे. मनात वाचायची सवयच नव्हती त्यांना. ओठ हलायचे, मधूनच आवाज चढायचा. "हॅ! असं कुठं असते का?" समोर पेपरात संत्र्याचे भाव बघत बसलेले एक शेतकरी काका एकदा म्हणाले, "गुरुजी, जरा जोरात वाचा ना. आमालेबी आयकू येऊ द्या."

गुरुजींनी रागानं पाहिलं. पण आवाज त्यांचा खणखणीत, आणि ऐकणारं कोणी असलं की त्यांना राहवत नसे. सासू-सुनेची एक गोष्ट त्यांनी मोठ्यानं वाचली. बाजरीच्या भाकरीवरून सुरू झालेलं भांडण पार शेताच्या बांधापर्यंत जातं, अशी ती गोष्ट. खोलीतली सगळी माणसं हसली. गुरुजींनाही हसू आलं. ते त्यांनी उपरण्यात लपवलं.

समितीची बैठक रविवारी सकाळी होती. मी रात्री नीट झोपले नव्हते. गुरुजींच्या शब्दाला गावात मान होता, आणि समितीतल्या दोघांनी मला आधीच सुचवलं होतं की एका पुस्तकासाठी वैर कशाला.

गुरुजी उभे राहिले. "पूर्ण वाचलं," ते म्हणाले. "काही गोष्टी बऱ्या आहेत. खोटं कशाला बोलू? पुस्तक राहू द्या. पण ती एक गोष्ट नको. तेवढी पानं काढून टाका."

दोन-तीन माना हलल्या. सोपा मार्ग सापडल्यासारखं सगळ्यांना वाटलं. वकीलसाहेबांनी पुस्तक उचलून माझ्यापुढे धरलं. "ताई, फाडता?"

"मी नाही फाडणार," मी म्हटलं. "आज ही पानं फाडली तर उद्या दुसऱ्या कोणाला नाही म्हणायला मला तोंड राहणार नाही."

"माझ्याच्यानंही होणार नाही," वकीलसाहेब म्हणाले, आणि त्यांनी पुस्तक गुरुजींच्या हातात दिलं.

दर दसऱ्याला आमच्या वाचनालयात सरस्वतीपूजन गुरुजीच करायचे. पुस्तकांच्या चळतीवर हळदकुंकू वाहणारा तो हात आता त्या पानांवर नुसताच पडून राहिला. मग त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

"हे नाही होत माझ्या हातून," ते म्हणाले. खाली बसले आणि अगदी वेगळ्या आवाजात बोलू लागले. "तुम्हाला गोष्ट वाटते. माझ्या नातीनं ती वाचली आणि मला विचारलं, आजोबा, तुम्ही पण असं करता का? सांगा, काय वाटलं असेल मला?"

"मग तुम्ही काय सांगितलं तिला?" मी विचारलं.

"काय सांगणार? पुस्तक हिसकलं."

मला इतके दिवस ते फक्त तक्रारदार दिसत होते. दुखावलेला आजोबा मी पाहिलाच नव्हता. बैठक संपल्यावर मी त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि म्हटलं, "गुरुजी, पोरीनं विचारलं ते तुमच्यावर भरवसा आहे म्हणून. उत्तर द्या की. वर्गातच या. सगळ्यांना सांगा देवळातलं काम कसं असते ते."

ते नाही म्हणाले. चार दिवसांनी हो म्हणाले. गुरुजी स्वतःच येणार म्हटल्यावर मुख्याध्यापिकांचाही जीव भांड्यात पडला. त्यांनी पेटी परत मागवली, ती सगळीच्या सगळी, त्या कथासंग्रहासकट.

नववीच्या वर्गात गुरुजी छान बोलले. पहाटेची काकडआरती, जत्रेतली गर्दी, हरवलेली पोरं मांडवात कशी बसवून ठेवतात, सगळं सांगितलं. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "गुरुजी, नारळ खरंच परत विकतात का?"

मुख्याध्यापिका खुर्चीतून अर्ध्या उठल्या. गुरुजींची नात खाली मान घालून वहीवर रेघोट्या ओढत होती.

"काही जण विकतात," गुरुजी म्हणाले. "मी पाहिलं आहे. मी नाही विकले. माझ्या वडिलांनीही नाही. पण विकतच नाहीत असं मी म्हणणार नाही."

नातीनं मान वर केली. शाळा सुटल्यावर ती आजोबांच्या सायकलवर मागे बसून घरी गेली, आणि पार वळणापर्यंत तिची बडबड चालू होती. ती काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही, पण गुरुजी हसत होते.

त्यानंतरही तक्रारी आल्या. कोणाला एका पुस्तकातल्या शिव्या खटकल्या, कोणाला शरीराच्या माहितीचं पुस्तक. मी प्रत्येकाला बाक दाखवते आणि म्हणते, आधी पूर्ण वाचा. बरेच जण परत येत नाहीत. काही येतात, वाचतात, भांडतात आणि वर्गणी भरून सभासद होतात. आमची पेटी मात्र तेव्हापासून एकदाही वेळेआधी परत आलेली नाही. गुरुजी त्या लेखकावर अजून रागावलेले आहेत. त्याचं नवं पुस्तक आलं की पहिला नंबर त्यांनाच हवा असतो, आणि तो मी आनंदानं देते.